दापोऱ्याचा साहेब

विल्फ्रेड ऑग्डेन पस्तीस वर्षं रंगभूमीवर होता, आणि त्या पस्तीस वर्षांत त्याने साडेचार हजार वेळा चहा आणला. कधी चहा, कधी पत्र, कधी सरकारांची टोपी. एकदा तर ताटात घालून शत्रूचं मुंडकं. काय आणायचं ते नाटकागणिक बदलायचं. आणायचं, ठेवायचं, दोन पावलं मागे सरकायचं आणि निघून जायचं, एवढं मात्र ठरलेलं. "घोडे तयार आहेत, सरकार," हे वाक्य त्याने इतक्या नाटकांत म्हटलं की लंडनचे घोडागाडीवाले त्याला रस्त्यात सलाम करत, असं सांगतात. घोडागाडीवाल्यांनी मात्र हे कधी कबूल केलं नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी त्याने टेलिव्हिजनमध्येही चहा नेऊन दिला होता. लंडनमध्ये एका टेकडीवर दिव्यांच्या भट्टीत उभं राहून नाटक करायचं, आणि ते त्याच घटकेला दहा कोसांवरच्या घरात एका पेटीत दिसायचं. पुढे लढाई लागली, पेटी बंद पडली, आणि ऑग्डेन ब्रॅडशॉ नावाच्या माणसाच्या फिरत्या नाटक कंपनीबरोबर हिंदुस्थानात आला. ब्रॅडशॉची कंपनी राजेरजवाड्यांसमोर खेळ करी. राजेसाहेब पहिल्या अंकात जागे असत, दुसऱ्यात झोपत आणि तिसऱ्यात शिकारीला जात. पण जेवण उत्तम मिळे. मग संस्थानं विलीन व्हायला लागली. एकेका राजाने सहीसाठी टाक उचलला की इकडे ब्रॅडशॉच्या दौऱ्यातला एक मुक्काम गळायचा. सन एकोणपन्नासच्या फेब्रुवारीत शेवटचा दरबार हॉल मोजणी-कचेरीच्या ताब्यात गेला, तेव्हा कंपनी मुंबईची गाडी पकडून निघाली. खंडव्याच्या पुढे ऑग्डेनला असा ताप भरला की त्याच्या कपाळावर कुणी पापड ठेवला असता तर भाजून निघाला असता. बऱ्हाणपूर स्टेशनात त्याला उतरवला. त्याची ट्रंकही उतरवली. कंपनी पुढे गेली ती थेट ऑस्ट्रेलियाला.

आजारी गोरा काय बरळतो ते समजावं म्हणून स्टेशनमास्तरने हायस्कुलात इंग्रजी शिकवणाऱ्या वसंत मास्तरांना बोलावणं पाठवलं. वसंत मास्तर धावत आले, रोग्याच्या तोंडाशी कान नेला आणि खिडकीतून बाहेर बघायला लागले.

"काय म्हणतो, मास्तर?"

"घोडे तयार आहेत म्हणतो. पण मला तर टांगासुद्धा दिसत नाही."

वसंत मास्तरांनी त्याला घरी नेलं. गल्लीत दोन्ही बाजूंना हातमाग. ऑग्डेन लँकेशायरच्या विणकराचा मुलगा. तापात त्याच्या कानावर धोट्याची खटखट पडली आणि आपण आईच्या घरी पोचलो असं समजून तो तीन दिवस निवांत झोपला. चौथ्या दिवशी डोळे उघडले तर समोर मास्तरांची बायको निर्मला, हातात भाताची पेज. त्याने उठून वाटी तिच्या हातातून घेतली, तिलाच पाटावर बसवलं आणि वाटी अदबीने तिच्यासमोर ठेवली. मग दोन पावलं मागे सरकला.

"अहो, हे काय करताहेत?" निर्मला घाबरून म्हणाली.

"धंद्याची सवय," मास्तर म्हणाले.

बरा झाल्यावर ऑग्डेन गल्लीतच राहिला. परत जायला कारणच नव्हतं. हिंदुस्थानी बरी बोलायचा, मराठी समजायला लागली होती. संध्याकाळी पानाच्या ठेल्यावर पानवाला लीलाधर त्याला लंडनच्या गोष्टी विचारी. पेटीतल्या नाटकाची गोष्ट ऐकून लीलाधर म्हणाला, "साहेब, फेकता, पण फेकता मात्र झकास!" त्याच ठेल्यावर ऑग्डेनने एकदा कंटाळून सांगितलं की लंडनात धुकं इतकं दाट असतं की लोक ते करवतीने कापून रस्ता काढतात. ते सगळ्यांना पटलं. धुकं कशाने कापतात एवढाच वाद झाला.

एप्रिलच्या मध्याला पत्र आलं. ऑग्डेनचा जुना दोस्त टेट आता टेलिव्हिजनमध्ये नाटकं बसवत होता. त्याच्या हाती हिंदुस्थानावरचं एक नाटक होतं, आणि नाटकात एक कलेक्टर होता. मोठं काम. पहिल्या प्रवेशापासून शेवटपर्यंत.

टेटने लिहिलं होतं, "तू तिथंच आहेस. दोनचार साहेब नीट बघून ठेव आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात येऊन वाचून दाखव. बोटीचं तिकीट सोबत आहे. वाचन पसंत पडलं तर काम तुझं. नाही पडलं, तर विल्फ, तू अठ्ठावन्नचा आहेस. पुन्हा तुझं नाव मी इथं काढू शकणार नाही."

ऑग्डेनने पत्र घडी करून उशीखाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडला. आनंद व्हायलाही अंगात जोर लागतो. एवढं मात्र त्याला स्वच्छ दिसत होतं की हे काम मिळालं तर आपण नट होतो असं मरताना म्हणता येईल, नाहीतर आपण चहा आणत होतो असंच म्हणावं लागेल.

अडचण साधी होती. उभ्या जन्मात त्याने कुणाला हुकूम केला नव्हता, आणि कुणाला नाहीही म्हटलं नव्हतं. आणि बघून ठेवायला साहेब कुठून आणायचे? रेल्वेतले साहेब खुर्च्या-टेबलं विकून गेले होते, कचेऱ्यांतले त्याच्या आधी. जिकडे तिकडे आता आपलेच शुक्ल, आपलेच देशपांडे. निर्मला म्हणाली, मग माझ्यावर हुकूम करून बघा. अंगणात तालीम सुरू झाली. ऑग्डेनने छाती काढून फर्मावलं, "पानी लाओ!" निर्मला कळशी घेऊन उठली मात्र, तो धावला, कळशी हिसकावली आणि विहिरीवरून दोन खेपा करून आला.

"काका, तुमच्याच्याने नाही होणार," निर्मला पदराने तोंड झाकून हसत म्हणाली. "हुकूम कसा करायचा ते आमच्या ह्यांना विचारा. रोज ऐकतात."

तेव्हा वसंत मास्तरांना आठवलं. "आमच्या आजोळी, दापोऱ्यात, एक साहेब शिल्लक आहे."

"असली?"

"असलीपेक्षा जुना. माझ्या मामांच्या घरी."

ऑग्डेनने टाय बांधला, बूट पुसले. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी दोघे बैलगाडीने दापोऱ्याला पोचले. केळीच्या बागेतून एक म्हातारा पिंडऱ्यांपर्यंत चिखल माखून, गुडघ्यावर हात टेकत बाहेर आला. हेच कौतिकमामा. ऑग्डेनने रामराम केला, त्यांच्या पाठीमागे वाकून बघितलं आणि अदबीने विचारलं, "साहब कहाँ हैं?"

"मीच," कौतिकमामा म्हणाले.

तर दापोऱ्याची रीत अशी. अखाजीला माहेरवाशिणी झोक्यांवर गाणी म्हणतात, घरोघरी आमरस होतो, आणि दुपार कलली की गावात सोंगं निघतात. प्रत्येक सोंगाचा मान एकेका घराचा. नरसिंहाचा मान एकाचा, अस्वलाचा एकाचा. कौतिकमामांच्या घरात साहेबाचा. त्यांचा पणजा कुण्या कलेक्टराच्या घोड्याबरोबर चालणारा चपराशी होता. कलेक्टर गेला आणि पणज्याने अखाजीला त्याचं सोंग काढलं. तेव्हापासून चार पिढ्या ज्वारीचं पीठ तोंडाला फासून साहेब निघतो, कडुलिंबाखाली टेबलाशी बसतो, आणि वर्षभरात सरकारदरबारी ज्याचं ज्याचं काम अडलं असेल तो तो त्याच्यापुढे गाऱ्हाणं मांडतो. साहेबाने प्रत्येकाला नाही म्हणायचं. बस. नाही ऐकलं की माणूस खूश होऊन घरी जातो, कारण कचेरीच्या पोत्यात त्याच्या नावचा जो नकार होता तो इथं खर्ची पडला. पुढे खऱ्या साहेबापाशी गेला तर पोत्यात उरला तर होकारच उरणार.

"मामा, यांना विलायतेत साहेबाचं काम करायचं आहे," मास्तर म्हणाले. "उद्या तुमच्या जागी यांना बसू द्या. जरा हात साफ होईल."

कौतिकमामांनी ऑग्डेनला वरून खाली, खालून वर बघितलं. "भाशा, मान काय वाटेवर पडला आहे? गोरा दिसला म्हणून कोनी साहेब होते का? गोरी तं आमच्या गोठ्यातली भुरी म्हैस बी आहे."

"तुमचे गुडघे दुखतात, मामा. मागच्या वर्षी अर्ध्यातून उठलात."

"गुडघ्याचं नाव काढू नको."

मामांची बायको मथुराबाई चुलीपुढून ओरडली, "काढू दे तं! रातभर तेल कोन चोळते? पोरगा आहे का तुमाले मान चालवाले? दोन पोरी, त्या झोक्यावर!"

शेवटी तोड निघाली. दोघांनी बसायचं. अर्धी गाऱ्हाणी मामा नाकारतील, अर्धी ऑग्डेन.

दुसऱ्या दिवशी दुपारी कडुलिंबाखाली सगळा गाव. कौतिकमामा आले. पीठ फासलेलं तोंड, अंगात बिनबटणाचा कोट, काखेत छडी. आणि ऑग्डेनच्या अंगावर काटा आला. गुडघे दुखणारा म्हातारा कुठेच नव्हता. खुर्चीवर एक असा माणूस येऊन बसला होता की ज्याला समोरचा सगळा गाव दिसतच नव्हता. ऑग्डेनने लंडनच्या मोठमोठ्या नटांना चहा दिला होता; असा साहेब कुणाला जमला नव्हता.

उखर्डू कापसाचा भाव घेऊन आला.

"नाही."

गोटूची म्हैस कांजीहाउसात कोंडली होती.

"नाही."

मथुराबाई स्वतःच पुढे झाली. "साहेब, माह्या घरवाल्याले सांगा, दोन वर्सं झाले, घराचं छप्पर गळते."

"नाही," साहेब म्हणाला, आणि लोक हसून हसून लोळले.

मग ऑग्डेनची पाळी. एक जण रस्त्याचं गाऱ्हाणं घेऊन आला. ऑग्डेन म्हणाला, "नाही... माफ करा." लोकांनी हुर्यो केली. दुसऱ्याला तो नाही म्हणाला आणि वर हसला. "अरे, हा साहेब आहे का जावई?" उखर्डू ओरडला.

तिसरी आली सोजरबाई. पंचेचाळिशीची विधवा, हातात पटवाऱ्याच्या कागदाची नक्कल, पार कापडासारखी मऊ झालेली. नवरा वारला त्याला सात वर्षं झाली. तापीकाठचं चार एकर तिचं, पण कागदावर दिराचं नाव. सात वर्षं ती तहसिलीत जात होती आणि सात वर्षं अखाजीला इथं येऊन नकार घेत होती. चार दिवसांनी तहसिलीत तिची पेशी, म्हणजे सुनावणी, होती. ती सांगत गेली आणि ऑग्डेन ऐकत गेला. ही पहिली चूक. मग तो उठून उभा राहिला. मग त्याने आपली खुर्ची तिच्यासमोर सरकवली. सोजरबाई गोंधळून खुर्चीकडे बघत राहिली. एवढ्या मऊ झालेल्या कागदाला नाही कसं म्हणायचं ते त्याला समजेना. तो म्हणाला,

"मंजूर."

झोके थांबले. झाडावरचे कावळेसुद्धा गप्प झाले म्हणतात. मग सोजरबाईने असा हंबरडा फोडला की शेजारच्या बहादरपुरात गायींनी माना वर केल्या.

"मेली व माय मी! एकच होकार होता माह्या नावचा, त्यानं इथंच उधळून टाकला! आता कचेरीत काय उरलं? नुसते नकार उरले!"

गाव उसळला. मास्तर हात जोडून मध्ये उभे राहिले. ऑग्डेन टेबलाला धरून उभा होता. चांगलं केलं की लोक इतके चिडतात हे त्याला नवीन होतं. कौतिकमामांनी छडी आपटली तेव्हा गलका थांबला. निवाडा असा झाला की सोंगं उद्या सांजेपर्यंत आहेत. ज्याने होकार दिला त्यानेच तो परत घ्यायचा. सोजरबाईला उद्या याच खुर्चीतून, याच माणसाकडून, नकार मिळाला पाहिजे. आणि नकार असा पाहिजे की तो लागला पाहिजे. लाजत, माफी मागत दिलेला नकार पोत्यातून जात नाही.

"मी उद्या खुर्चीत बसलो नाही तर?" ऑग्डेनने मास्तरांना विचारलं.

"तर ती पेशीला जाणारच नाही, साहेब. सात वर्षांचं मातेरं होईल. दीर टपूनच बसला आहे."

सकाळी कौतिकमामा त्याला केळीच्या बागेत घेऊन गेले. पाटाला पाणी सोडलेलं. मामा बांधावर बसले, ऑग्डेन समोर उभा.

"म्हन."

"नाही!" ऑग्डेन गरजला. त्याने भुवया आवळल्या होत्या, मूठ वळली होती.

"काहाले चिडला? सोजरनं तुह्यी म्हैस पळवली का?"

"साहेब रागावतो ना."

"कोनी सांगितलं? राग कोनाचा येते? आपल्या बरोबरीच्याचा. साहेबाले राग येत नाही. साहेबाले कंटाळा येते." मामांनी पायाचा चिखल काडीने खरवडला. "लोकं म्हनतात माह्या पनज्यानं साहेबाची चाल उचलली. चाल कोनी बी उचलते. पनज्यानं त्याचा कंटाळा उचलला. तो साहेब सकाळपासून तीस गाऱ्हाणे ऐके. एकतिसावं आलं का त्याले समोर मानूस नाही दिसे, एकतीस दिसे. मग त्याच्या तोंडून जो नाही निंघे, तो हा." आणि मामा मान वर न करता, काडीकडे बघत, म्हणाले, "नाही."

ऑग्डेन बांधावर टेकला.

"कंटाळा माझ्याजवळ आहे," तो हळूच म्हणाला. "पुष्कळ आहे. पस्तीस सालका."

"ते मले कालच दिसलं. खुर्चीत बसला तवाच. मग दडवतो काहाले? मानूस आला का हसतो, उठतो, दोन हात असे पुढं करतो, जसं काही ताट धरलं आहे. त्या ताटाखाली दडवतो. ठेव ना बे ते ताट खाली."

ऑग्डेनने आपल्या हातांकडे बघितलं. ते खरंच तसेच होते, कोपरात वाकलेले, तळवे वर. त्याने ते मांडीवर ठेवले. ठेवल्याबरोबर त्याला इतका थकवा वाटला की तिथंच केळीखाली आडवं व्हावं. कुठली कुठली गावं, कुठली कुठली घाणेरडी हॉटेलं, "घोडे तयार आहेत, सरकार." आणि एवढं करून कुणी सांगणार नाही की हा माणूस रंगभूमीवर होता.

"आता म्हन," मामा म्हणाले.

"राहू द्या, मामा. संध्याकाळी म्हणतो. आता जीवावर येतं."

कौतिकमामांनी त्याच्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. "हां," ते म्हणाले. "तेच."

संध्याकाळी कडुलिंबाखाली कालच्यापेक्षा दुप्पट गर्दी. तुकईथडहून आलेले पाहुणेसुद्धा थांबले होते. ऑग्डेन येऊन बसला. पीठ लावलं नव्हतं, लागणारही नव्हतं. सोजरबाई पुढे आली. काल रडून तिचे डोळे सुजले होते. तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं: नवऱ्याचं आजारपण, दीर, पटवारी, सात वर्षं, तापीकाठचं चार एकर. ऑग्डेनच्या कोटाच्या बाहीतून एक दोरा निघाला होता. विणकराच्या पोराला असा दोरा दिसला की राहवत नाही. त्याने तो ओढला. दोरा येत गेला, लांब लांब. कुठेतरी एक बाई बोलत होती. दोरा तुटला.

"नाही," ऑग्डेन म्हणाला, दोऱ्याला.

कुणी हसलं नाही. हुर्यो नाही, टाळी नाही. पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर सावरले. बापजाद्यांनी सांगितलेलं काहीतरी समोर येऊन बसलंय असं वाटून दोन म्हाताऱ्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. सोजरबाई खाली वाकली, टेबलाच्या पायाला हात लावून तो कपाळाला लावला आणि म्हणाली, "आता झालं. आता जाते मी पेशीले." चेहरा असा फुललेला, जसं काही माहेरहून न्यायला माणूस आला.

तेव्हा कुठे गाव ओरडला. मथुराबाई नवऱ्याला कोपर मारून म्हणाली, "तुमच्याहून बरा म्हनला, व्हय!"

कौतिकमामा छडी काखेत घट्ट धरून उठले. ऑग्डेन जवळ आला तेव्हा एवढंच म्हणाले, "छडी मांगशील तं देनार नाही."

"नाही मागत."

"मान बी नाही देनार. चार पिढ्याचा आहे."

"नको, मामा."

वसंत मास्तरांना तो नंतर गोठ्यामागे सापडला, भुऱ्या म्हशीच्या खुंट्याला धरून ओकारी काढत होता. मास्तरांनी पाणी दिलं. "आमरस बाधला का?"

"मास्तरजी, जमलं," ऑग्डेन तोंड पुसत म्हणाला. "फार सोपं होतं. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं."

तिसऱ्याच दिवशी त्याला मुंबईच्या गाडीत बसवताना निर्मलाने दशम्या बांधून दिल्या, आणि गाडी सुटेपर्यंत त्याने तिला तीनदा आपली जागा देऊ केली. सोजरबाईचं काय झालं ते त्याला लंडनला पोचल्यावर मास्तरांच्या पत्रातून कळलं. पेशीच्या दिवशी तहसीलदाराची बदली झाली होती. नवा साहेब येईल तेव्हा बघू, असं कारकून म्हणाला. दापोऱ्यात त्यावरून दोन तट पडले. एक म्हणे, नकार नीट लागला म्हणूनच निदान नाही तरी झालं नाही. दुसरा म्हणे, होकार परत घेतलाच जात नाही, तो तिथंच कडुलिंबावर लोंबतो आहे. सोजरबाई दोन्ही तटांत सुपारी खायला जात होती.

लंडनात वाचनाला टेट, टेटचे दोन वरिष्ठ आणि एक टाइप करणारी मुलगी. संहितेत कलेक्टरने टेबलावर मूठ आपटून किंचाळायचं होतं. ऑग्डेनने मूठ आपटली नाही. एका म्हाताऱ्या विधवेचा अर्ज वाचून दाखवणाऱ्या माणसाकडे त्याने बघितलंही नाही, नखाखाली अडकलेलं काहीतरी काढत राहिला, आणि म्हणाला, "नो."

"विल्फ, इथं ओरडायचं आहे," टेट हळूच म्हणाला. "नाटककाराने लिहिलंय. कंसात."

आयुष्यभर ऑग्डेनने कंसातलं सगळं केलं होतं. कंसात 'वाकतो' असलं की वाकला, 'मागे सरकतो' असलं की सरकला. त्याने टेटकडे पाहिलं. टेट जुना मित्र, पोटापाण्याचा प्रश्न, अठ्ठावन्न वय, सगळं त्याला माहीत होतं.

"नाही," तो म्हणाला.

टेट खुर्चीत मागे टेकला. वरिष्ठांपैकी एकाने तोंडातला पाइप काढला आणि कुठे ठेवावा ते न सुचून हातातच धरून बसला. टाइप करणाऱ्या मुलीने बोटं टंकयंत्रावरून उचलली ती उचललेलीच राहिली. काम त्याला मिळालं.

आणि मग मिळतच गेलं. पुढची सतरा वर्षं ऑग्डेन त्या पेटीत होता, आणि सतरा वर्षं त्याने फक्त नाही म्हटलं. कलेक्टर झाला, न्यायाधीश झाला, बँकेचा मॅनेजर, हेडमास्तर, तुरुंगाधिकारी, आणि दोनदा असा डॉक्टर की ज्याला नातेवाईक विचारतात, काही आशा? कुणी पोरीचं लग्न मागायला येवो, कुणी फाशी टाळायला, ऑग्डेन मान वर न करता एकच शब्द बोलायचा आणि लाखभर घरांत लोक चहाचे कप खाली ठेवायचे. वर्तमानपत्रं म्हणत, हे सरदार घराण्यातलं रक्त आहे, शिकून येत नाही. एका बाईने पत्र लिहिलं की तुम्हाला पाहिलं की मला माझे सासरे आठवतात आणि मी पेटी बंद करते. दर वर्षी कामाहून परतताना तो जरा जास्त थकलेला असे, आणि दर वर्षी लोक म्हणत की त्याचं काम जरा जास्त चांगलं झालं.

लंडनच्या ज्या गल्लीत तो राहत होता तिच्या कोपऱ्यावर दिवा नव्हता. नोव्हेंबरातल्या एका दुपारी शेजारची मिसेस पार्किन कागद घेऊन घरोघर सह्या गोळा करत होती. ऑग्डेन खिडकीतून बघत होता. ती डावीकडच्या घरात गेली, आली. मग त्याच्या फाटकाशी थांबली, फाटकाच्या कडीला हात लावला, वर खिडकीकडे बघितलं आणि कडी तशीच सोडून उजवीकडच्या घराकडे वळली.

ऑग्डेन जिना उतरला, सपाता पायात तशाच, अंगात कोट नाही. भुरभुर पाऊस होता. तिला गाठेपर्यंत त्याला धाप लागली.

"मिसेस पार्किन! माझं राहिलं!"

ती दचकली. कागद छातीशी धरून म्हणाली, "असू द्या, मिस्टर ऑग्डेन. तुम्हाला कशाला त्रास."

"त्रास कसला? दिवा पाहिजेच. मीच दोनदा पडलोय तिथं. विचारा तरी!"

"विचारून काय... तुमचं आम्हाला माहीत आहे ना." ती कसनुशी हसली. मग बाईला वाईट वाटलं असावं, म्हणून तिने कागद पुढे केला. गल्लीतल्या सगळ्यांची नावं तिने आधीच उतरवून घेतली होती, प्रत्येकापुढे सहीला जागा. ऑग्डेनच्या नावापुढे जागा नव्हती. तिथं तिने शाईने, ठळक, लिहून टाकलं होतं: नाही.

"वेळ वाचावा म्हणून," ती म्हणाली.

ऑग्डेनने पेन मागितलं. तिच्याकडे पेन्सिल होती, तिला टोक नव्हतं. पावसाचे थेंब कागदावर पडायला लागले, तसा तिने तो घडी करून पिशवीत घातला, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.